प्रस्तावना : आधी डोळ्याची जागा

एकबिंदू यथार्थदर्शन शिकणाऱ्याला पहिल्याच तासाला सांगतात : क्षितिजरेषा आखा, तिच्यावर लोपबिंदू द्या, खोलीच्या आत जाणाऱ्या कडा त्या बिंदूकडे न्या. पण बिंदू नेमका तिथेच का, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. या विषयाचे दार मात्र त्याच प्रश्नाने उघडते. लोपबिंदू कागदावर असला, तरी त्याची जागा पाहणाऱ्याचा डोळा ठरवतो. तुम्ही जमिनीवर बसलात की क्षितिजरेषा खाली येते, स्टुलावर चढलात की वर जाते. डावीकडे सरकलात की बिंदूही सरकतो.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने हे प्रयोगाने दाखवले. फळीवर बाप्टिस्टरीचे चित्र काढून त्याने त्या फळीला भोक पाडले. मागून डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचे. भोकामुळे डोळ्याला एकच जागा उरली आणि चित्र खऱ्या इमारतीशी जुळले. मासाच्चोच्या ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्रात (सुमारे १४२७) गिलाव्यात ओढलेल्या आखणीच्या रेषा आजही सापडतात. १४३५ मध्ये अल्बेर्तीने फरसबंदीची रीत लिहून ठेवली आणि ती तपासण्याची खूणही दिली : फरश्यांचे कर्ण एका सरळ रेषेत यायला हवेत.

अशाच फरसबंदीची आखणी एका खोलीवर पाहू. खोली ४ मीटर रुंद, ४ मीटर खोल, ३ मीटर उंच, प्रमाण १:२०. कागदावर समोरची चौकट २० बाय १५ सेंमी. डोळा १.६ मीटर उंचीवर, म्हणून क्षितिजरेषा तळापासून ८ सेंमीवर आणि तिच्या मध्यावर लोपबिंदू. तळाच्या कडेचे पाच-पाच सेंमीचे चार भाग करून प्रत्येक खूण लोपबिंदूला जोडा. आता चौकटीपासून डोळा ४ मीटर दूर आहे असे धरा. क्षितिजरेषेवर लोपबिंदूच्या डावीकडे तेवढ्याच अंतरावर (प्रमाणाने २० सेंमी) अंतरबिंदू येईल, म्हणजे चौकटीबाहेर. त्यासाठी कागद रुंद घ्यावा. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून अंतरबिंदूकडे रेषा ओढा. ती लोपबिंदूकडे गेलेल्या रेषांना जिथे जिथे छेद देईल, तिथून आडव्या रेषा काढा. फरश्यांची पहिली ओळ १.६ सेंमी उंच येईल, चौथी जेमतेम ०.६. मागची भिंत बरोबर निम्मी, १० बाय ७.५ सेंमी होईल, कारण डोळ्यापासून ती चौकटीच्या दुप्पट दूर आहे. इथे अंदाज कुठेच चालत नाही. डोळा फार जवळ घेतला, तर कोपऱ्यातल्या फरश्या ताणल्यासारख्या दिसतात. म्हणून चित्राच्या रुंदीइतके तरी अंतर ठेवावे.

वस्तूंनाही हाच नियम. बाजूच्या भिंतीच्या मधोमध दार हवे असेल, तर पट्टीने मोजू नका. भिंतीचे दोन कर्ण छेदा, मध्य तिथे मिळेल. तांब्याचे तोंड आधी चौरसात बसवा. डोळ्याच्या पातळीला ते आडवी रेषा दिसते आणि जसजसे खाली जाते, तसतशी लंबवर्तुळाची उभी रुंदी वाढते. तिरकी ठेवलेली खुर्ची मात्र या बिंदूला जुमानत नाही. तिचे दोन बिंदू वेगळे असतात, पण क्षितिजरेषा तीच. दोन बिंदूंच्या अभ्यासाची वाट इथूनच पुढे जाते.

राजस्थानी लघुचित्रकार अंगण वरून आणि भिंत समोरून दाखवत. त्यात अज्ञान नव्हते. त्यांना डोळा एका जागी खिळवायचा नव्हता, इतकेच. यथार्थदर्शन ही पाहण्याची एक शिस्त आहे, एकमेव नव्हे. पण ती अंगवळणी पडली, की समोरच्या प्रत्येक खोलीत आपण नेमके कुठे उभे आहोत याचे भान येते, आणि ते भान पुढे मोकळ्या हाताच्या रेखाटनातही साथ देते. पट्टी, टोकदार पेन्सिल आणि धीर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे या विषयात मनापासून स्वागत. सुरुवात स्वतःच्या खोलीपासून करा. आधी तुमच्या डोळ्याची उंची मोजा.