सही कोणाची?

डॉक्टरांच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो. वकिलालाही सनद लागते. मग पुलाच्या वा इमारतीच्या नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेला दोन टप्प्यांत सापडले.

पहिला टप्पा १९०७ सालचा. वायोमिंग हे कमी पावसाचे राज्य. शेतीसाठी पाण्याचा हक्क मागायचा, तर अर्जाला नकाशा जोडावा लागे. राज्याचे अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांना आढळले, की मोजणीचे शिक्षण नसलेली मंडळी, अगदी वकीलसुद्धा, अभियंता म्हणून खुशाल सह्या ठोकत आहेत. त्यातून अभियंत्यांच्या नोंदणीचा अमेरिकेतील पहिला कायदा झाला. हळूहळू इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. टेक्सास मात्र मागे राहिले.

टेक्सासमधील न्यू लंडन हा तेलाच्या पैशाने सधन झालेला भाग. तिथल्या शाळेच्या मूळ आराखड्यात वाफेने खोल्या उबदार ठेवायची सोय होती. ती बदलून खोल्याखोल्यांत गॅसचे हीटर बसवले. पुढे काटकसर म्हणून विकतचा गॅस बंद केला आणि तेलक्षेत्रातला टाकाऊ गॅस नळाने आत घेतला. या गॅसला वास नव्हता. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत गेला. कोणाला पत्ता लागला नाही. १८ मार्च १९३७ च्या दुपारी कार्यशाळेतले यंत्र सुरू करताना ठिणगी उडाली. सुमारे ३०० जीव गेले. त्यात बहुतेक मुलेच होती.

त्याच वर्षी टेक्सासने दोन कायदे केले. एकाने गॅसमध्ये वास मिसळणे सक्तीचे झाले. आपल्या घरच्या सिलिंडरच्या गॅसलाही असाच वास मुद्दाम दिलेला असतो. दुसऱ्याने अभियंत्यांच्या नोंदणीसाठी मंडळ नेमले.

चूक घडल्यावर भरपाई देण्यासाठी व्यावसायिक विमा असतो आणि तो हवाच. पण विमा येतो नुकसानीनंतर. काम हाती घेणारा त्यासाठी पात्र आहे का, हे आधी विचारते ती नोंदणी.

भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२ मध्ये देशभराचा कायदा झाला. अभियंत्यांच्या परवान्याचे नियम मात्र गावोगावी, राज्योराज्यी वेगळे राहिले. तेव्हा घराचा नकाशा हाती आला, की खालची सही कोणाची आणि तिच्यासोबत परवाना क्रमांक आहे का, एवढे तरी आपण पाहावे.