झाडू उचलला, धर्मशाळा विसरले

सरकारला गाडगेबाबांचा झाडू फार आवडला. २०००-०१ साली बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, पुढाऱ्यांनी झाडू धरून फोटो काढले. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडूच दिला, त्या आपल्या वस्तीला त्याचं काय नवल? पण याच बाबानं गरिबाच्या दुखण्यासाठी लोकांकडून पैसा कसा उभा केला, तो इतिहास भिंतीवर रंगवला जात नाही. म्हणून हे लिहितो. मी दालमिलमध्ये पोती उचलणारा माणूस, इतिहासकार नव्हे.

सुरुवात मुंबईच्या जे. जे. पासून करतो. हा दवाखाना १८४५ साली उघडला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले. हा पैसा कुठला? चीनशी चाललेल्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातला. कापूस पिकवणारा, वेचणारा, गाठी वाहणारा कोण, ते मी सांगायला नको. तरी दवाखाना झाला हे चांगलंच झालं; त्यात लाखो गरीब बरे झाले. दात्याचं नाव दारावर लागलं, रोगी आत गेला. आणि त्याच्या सोबतची माणसं? ती फुटपाथवर.

ही फुटपाथवरची माणसं धोब्याच्या पोराला दिसली. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. जातीनं परीट. शाळा नाही. १९०५ साली घर सोडलं. गावात यायचं, आधी गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. कीर्तन म्हणजे काय तर लोकांनाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण का करता? देवाला बकरं का कापता? पोराला शाळेत का नाही घालत? आणि मग त्याच लोकांकडं पैसा मागायचा. देवळासाठी नव्हे. धर्मशाळेसाठी, सदावर्तासाठी, वसतिगृहासाठी. बाबांच्या शब्दाखातर शेठ-सावकारांनीही मोठ्या देणग्या दिल्या, ते लपवायचं कारण नाही. पण ज्यानं आपला आणा-दोन आणा दिला त्याला ती इमारत आपली वाटली. तिथं पाय टाकताना त्याला कोणाचे उपकार घ्यावे लागले नाहीत.

१९५४ साली जे. जे. जवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी बाबांची धर्मशाळा उभी राहिली. पुढं दादरलाही झाली. टाटात येणारे कॅन्सरचे रोगी तिथं राहतात.

दवाखान्याचा खर्च म्हणजे गोळ्या-इंजेक्शनचा खर्च, असं डॉक्टरला वाटतं. जऊळक्याच्या माणसाला विचारा. जड दुखणं आलं की गाडी अकोल्याकडं. खाट एकाला मिळते, सोबत जातात दोघं. औषध फुकट मिळालं तरी त्या दोघांनी निजायचं कुठं, भाकर थापायची कुठं? रोज बुडतो तो वेगळाच. माझ्या आजीला आम्ही बरी व्हायच्या आत घरी आणलं. पैसे औषधात नव्हते गेले हो, राहण्या-खाण्यात गेले. उपचार अर्धा टाकून परत येणारी माणसं आपल्या वस्तीत मोजा, मग बाबानं दवाखान्याऐवजी दवाखान्याशेजारची जागा का धरली ते कळंल.

दुसरी गोष्ट हिशेबाची. बाबाकडं लाखोंचा पैसा आला. अंगावर मात्र चिंध्या, खायला मडक्याचं खापर. इमारती ट्रस्टच्या नावावर केल्या, बायको-पोरांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरला बांधलेली चोखामेळा धर्मशाळाही धरून ठेवली नाही. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री; घोंगड्या घेऊन भेटायला गेले, असं सांगतात. तेव्हा बाबानं ती धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दवाखान्यात पडलेला माणूस इमारत देतो, आणि घेणारा तिथं पोरांच्या शिक्षणाचा विचार करतो! ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, चौदा दिवसांनी बाबाही गेले.

काही साथी म्हणतील, कीर्तनकाराचं कौतुक आपल्या अंकात कशाला? अरे, फुल्यांच्या घरचंच पाहा. १८९७ च्या प्लेगात यशवंतनं हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला, सावित्रीबाई रोगी उचलून आणत होत्या आणि त्याच प्लेगानं १० मार्चला गेल्या. रोग्याची सेवा आपल्याला कोणा संतानं शिकवावी लागली नाही. पैसा कसा मागावा आणि मागितल्यावर त्याच्यापासून लांब कसं राहावं, हे मात्र बाबाकडून घ्यायला लाजू नये. आपल्यात वर्गणी गोळा होते, हिशेबावरून दोन गट पडतात, तिसरा गट डीजे ठरवतो.

येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढावा, असं मी जऊळक्याच्या पोरांना म्हटलंय. अकोल्यात दवाखान्याजवळ भाड्याची एक खोली, चार चटया, एक शेगडी, पाण्याचा माठ. पावतीपुस्तक मी छापून आणतो. हिशेब दर महिन्याला विहाराच्या भिंतीवर लागंल, आणि पैसे बायांच्या बचतगटाकडं राहतील.