मुलांचा ताबा आणि काळाचा निवाडा

मालवणच्या किनाऱ्यावर बाप मुंबईस आणि मूल आजीपाशीं, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गिरणींतला चाकरमानी गणपतीस किंवा शिमग्यास घरीं येई. मूल आधीं बुजे, आणि दोन दिवसांनीं त्याच्या खांद्यावर बसे. वर्षभर दृष्टीआड राहिला म्हणून त्याचें बापपण कोणी नाकारलें नाहीं. दूर असणें आणि टाकून जाणें यांतील भेद या गांवांना कायदा न वाचतां कळत होता. मात्र घर मोडून मुलाचा तंटा न्यायालयांत गेला, म्हणजे तोच भेद पुराव्यानें सिद्ध करावा लागतो. कायद्यानें तो कसा हाताळला, हें पाहण्यासारखें आहे.

1890 चा पालक व पाल्य कायदा हा या विषयाचा पाया. मूल सामान्यतः जेथें राहतें तेथील जिल्हा न्यायालयांत अर्ज करावा, असें त्याचें 9 वें कलम सांगतें. म्हणजे मालवणांत वाढणाऱ्या मुलासाठीं मुंबईच्या पालकास सिंधुदुर्गांतच यावें लागतें. पुढें 1955 च्या हिंदु विवाह कायद्याच्या 26 व्या कलमानें मुलांविषयींचे हुकूम वेळोवेळीं बदलण्याची व रद्द करण्याची मुभा ठेवली. 1973 सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, ताब्याचे हुकूम स्वभावतःच तात्पुरते असतात. परिस्थिति बदलली, किंबहुना नुसता काळ लोटला, तरी मुलाच्या हितासाठीं ते फिरवितां येतात. 1997 सालीं मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयांतून वर गेलेल्या एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें दुसरी बाजू मांडली: हुकूम फिरविण्याजोगा बदल सिद्ध झाला पाहिजे, आणि परदेशस्थ बापाची सांपत्तिक स्थिति हें मूल आईपासून काढून घेण्यास पुरेसें कारण नव्हे.

खरा पेंच येथेंच आहे. काळ लोटला म्हणून न्यायालयाचें दार उघडतें, आणि काळ लोटला म्हणूनच तें बंद होतें. संपर्क तुटलेली आई किंवा बाप कांहीं वर्षांनीं अर्ज करतो, तेव्हां प्रतिपक्ष म्हणतो, "मूल आतां रुळलें आहे, त्याला हलवूं नका." हें पुष्कळदा खरेंही असतें. परंतु ज्यानें भेटी अडविल्या, त्यालाच त्या अडवणुकीचें फळ मिळावें काय? उलट, जो आपण होऊन फिरकला नाहीं, त्यानें एके दिवशीं येऊन हक्क सांगावा काय?

आमच्या मतें, संपर्क कोणी व कां तोडला, मारहाणीच्या भयानें कीं केवळ सूडानें, याची चौकशी प्रथम व्हावी. नंतर ताबा आणि भेट हे दोन प्रश्न निराळे ठेवावे. ताबा बदलणें मुलास जड जाईल. पण जेथें भयाचें कारण नाहीं, तेथें भेटी हळूहळू सुरू करण्यास कोणती हरकत? दोन्ही पालकांची माया हा मुलाचा हक्क आहे, आणि दूरच्या पालकास दूरध्वनीवरून किंवा चित्रसंभाषणानें तरी मुलाशीं बोलतां यावें, असें सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं म्हटलें आहे. चाकरमान्यांच्या मुलुखाला हें तत्त्व नवें वाटूं नये.

ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचें खंडपीठ कोल्हापुरास बसूं लागलें, आणि सिंधुदुर्गाच्या अपिलांची वाट मुंबईऐवजीं कोल्हापूरची झाली. अंतर कमी झालें, हें चांगलेंच. परंतु हुकूम मागाहून फिरवितां येतो. मुलाचें सातवें वर्ष फिरवितां येत नाहीं. म्हणून अशा अर्जांत तारीख पुढें ढकलणें हाही एक निकालच होय.