माळवद पाडण्याआधी एवढं वाचा



जुनी माळवदं एकेक करून जातायत, त्या जागी स्लॅब येतोय. यात वावगं काही नाही. कुटुंब वाढलं, मिरगाच्या आधी वर माती चढवायला माणूस मिळत नाही. पण आपले आजे-पणजे ज्या घरात राहिले ते उभं कशावर होतं, हे तरी माहीत असावं.

बाहेरून वाटतं, त्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंतीच सगळं पेलतात. खणाच्या घरात तसं नसतं. तिथं भार लाकडी सांगाड्यावर. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर किलचन आणि वर पांढरी माती. म्हणून तर घराचं माप खणात सांगायचे, ‘पाच खणाचं माळवद’.

इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी घरंही अशीच, ओक लाकडाच्या सांगाड्याची. पण तिथं मधली भिंत हलकी, कुडाची आणि चिखलाने लिंपलेली. सांगाड्याला तिरपे आधारही दिलेले. आपल्याकडं भिंत जड दगडाची आणि तिरपे आधार बहुधा नाहीतच.

या उणिवेची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराने मोजली. हजारो माणसं गेली. भिंतीची आतली-बाहेरची तोंडं बांधणारा आरपार दगड नव्हता, त्यामुळं भिंती फुटून ढासळल्या. वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीचं ओझं वरून होतंच. तरी कित्येक ठिकाणी भिंती पडल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला!

हे आज का सांगतोय? २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये आपल्या हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. विसरलो का आपण?

माळवद ठेवणार असाल तर वरचा मातीचा थर कमी करा. खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोकून घ्या. भिंतीत आरपार दगड बसवा. जाणकाराला दाखवूनच हे काम करा.

स्लॅब टाकणार असाल तर कॉलम-बीमचा सांगाडा इंजिनिअरकडून काढून घ्या. पैसे वाचवायला नुसत्या विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवला, तर जुनीच चूक झाली: वर जड छत, खाली कच्ची भिंत. उलट माळवदाला निदान लाकडाचा सांगाडा तरी होता.

आणि पाडायचंच ठरलं असेल तर आधी खण मोजा, फोटो काढून ठेवा. पुढच्या पिढीला दाखवायला तेवढंच उरणार आहे.

तुमचं माळवद किती खणाचं होतं? खाली नक्की लिहा.