गिनीपिगचा मुतखडा आणि चाऱ्याचा इतिहास

अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवलेला गिनीपिग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हिरव्या चाऱ्यावर वाढे. 16 व्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि तेथे हौसेने पाळला जाऊ लागला. त्याच्या आहाराची शास्त्रीय चिकित्सा मात्र प्रयोगशाळेने घडवली. 1907 मध्ये नॉर्वेतील संशोधक होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रक्तस्रावी विकार, उत्पन्न करून दाखवला आणि पुढे तयार खाद्यात हे जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले.

कॅल्शियमचा प्रश्न अधिक चिवट ठरला. हा प्राणी अन्नातील कॅल्शियम मुबलक शोषून जादा भाग मूत्रावाटे टाकतो, म्हणून त्याचे मूत्र स्वभावतःच अल्कधर्मी व गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरा, खडूसारखा थर उरतो. तेवढ्यावरून रोगाचे निदान करणे उतावीळपणाचे होय. गिनीपिगचे मुतखडे पूर्वी बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचे समजले जात, परंतु 21 व्या शतकातील पृथक्करणांत ते प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे आढळले. कॅल्शियमयुक्त असल्याने लसूणघास पिले व गाभण माद्यांपुरता राहिला आणि प्रौढांसाठी टिमोथी गवताची शिफारस रूढ झाली. पाठ कमानीसारखी करून किंचाळत लघवी करणे किंवा लघवीत रक्त दिसणे ही खरी लक्षणे असून, क्ष-किरण चित्रात असे खडे सहसा स्पष्ट दिसतात. मूत्रमार्ग पूर्ण तुंबल्यास तातडीने पशुवैद्य गाठावा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही खडे पुन्हा होऊ शकतात.