आज्ञापालन व समर्पण (ख्रिस्ती)

देवाची इच्छा ओळखून तिच्याप्रमाणे वागणे याला ख्रिस्ती परंपरेत आज्ञापालन म्हणतात, आणि त्यासाठी स्वतःला मनापासून देवाच्या हाती सोपवणे म्हणजे समर्पण. नियमांची यादी बिनचूक पाळली की देव प्रसन्न होतो, असा याचा अर्थ नाही. दहा आज्ञा सांगण्याआधी देव इस्राएल लोकांना आठवण देतो, की मिसरच्या दास्यातून त्यांना त्याने आधीच सोडवले आहे. आधी सुटका, मग आज्ञा हा क्रम संपूर्ण पवित्र शास्त्रात टिकून आहे. तो उलटला, की धर्म भीतीवर चालू लागतो.

जुन्या करारात आज्ञापालनाचा आदर्श म्हणून अब्राहामाचे नाव घेतले जाते. परक्या देशात जाण्याची हाक येताच तो घरदार सोडून निघाला. मात्र सदोम नगर वाचावे म्हणून देवाशी घासाघीस करणाराही हाच अब्राहाम. मोशे, यिर्मया आणि ईयोब देवाकडे तक्रार करतात, त्याला जाब विचारतात, आणि शास्त्र त्यांना बंडखोर ठरवत नाही. याउलट शौल राजा अमालेकी लोकांच्या कळपांतील उत्तम जनावरे यज्ञाच्या नावाखाली राखून ठेवतो, तेव्हा शमुवेल त्याला यज्ञापेक्षा आज्ञापालन मोठे असल्याचे बजावतो. येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यातही हेच आहे. एक मुलगा बापाला तोंडावर नकार देतो, पण नंतर मळ्यात कामाला जातो. दुसरा होकार देतो, पण जातच नाही.

या विषयाचे केंद्र गेथशेमाने बागेत आहे. अटकेच्या रात्री येशू अत्यंत व्याकूळ झाला होता. पुढचे दुःख टळावे, अशी त्याने उघड मागणी केली आणि अखेरीस निर्णय पित्याच्या इच्छेवर सोपवला. मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे त्याने ही प्रार्थना तीनदा केली. एकदा सोपवून काम भागले असते, तर तीनदा प्रार्थना करावी लागली नसती. ख्रिस्ती समर्पणात इच्छा मारून टाकलेली नसते. ती पूर्ण ताकदीने बोलते आणि मग वाट मोकळी करते. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर येशू दुःख सोसून आज्ञापालन शिकला, असे धाडसी विधान करते. आदामाच्या आज्ञाभंगाने जे बिघडले ते ख्रिस्ताच्या आज्ञापालनाने सावरले, ही पौलाची मांडणी पुढच्या सर्व ख्रिस्ती तत्त्वचिंतनाचा पाया ठरली.

तारण विश्वासाने मिळते, तर मग आज्ञापालन कशासाठी? धर्मसुधारणेच्या काळात हा वाद पेटला. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील विश्वासकबुलीच्या सहाव्या कलमात लुथरपंथीयांनी उत्तर दिले, की खऱ्या विश्वासाला सत्कर्मांचे फळ आलेच पाहिजे. मात्र त्या कर्मांच्या जोरावर देवापुढे नीतिमान ठरता येत नाही. चार शतकांनंतर जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ साली शिष्यत्वावरील ग्रंथात स्वतःच्याच चर्चला खडसावले. काहीही न सोडता मिळणारी क्षमा त्याला स्वस्त कृपा वाटत होती, आणि विश्वास व आज्ञापालन वेगळे काढता येत नाहीत, असे तो मानत होता.

मठजीवनात आज्ञापालनाला व्रताचे रूप आले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टची नियमावली त्यासाठी एक संपूर्ण प्रकरण देते आणि मनातल्या मनात कुरकुर करत केलेले काम देवाला रुचत नाही, असे बजावते. पण तीच नियमावली महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सर्वांना, अगदी धाकट्यांनाही, विचारावे असे सांगते, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच योग्य ते सुचवतो. अशक्य काम सांगितले गेले तर साधूने आपली अडचण वरिष्ठापुढे शांतपणे मांडावी, अशीही तरतूद तिच्यात आहे. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला याने १५५३ साली पोर्तुगालमधील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: कृतीची, इच्छेची आणि बुद्धीची. या शिस्तीचा गोव्याशी थेट संबंध आहे. १५४० मध्ये भारतात जायला निवडलेला सहकारी आजारी पडला, तेव्हा इग्नेशियसने ऐनवेळी फ्रान्सिस झेवियरला विचारले; तो लगेच तयार झाला आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला.

देवाला वाहिलेले आज्ञापालन माणसांनी आपल्याकडे वळवून घेतल्याचा इतिहासही मोठा आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. मिसरमधून झालेल्या सुटकेचा बहुतेक भाग तिच्यातून गाळला होता; दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांच्या पत्रातील वचन मात्र जागेवर होते. सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे, असे त्याच पत्रात म्हटले आहे. तरी पत्नीच्या अधीनतेवर दिलेल्या प्रवचनांत या वचनाचा सहसा विसर पडतो. ही चूक किरकोळ नव्हे. आज्ञापालनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या माणसे दडपली गेली.

खरे तर देवापुढील समर्पण हीच मानवी सत्तेची मर्यादा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत न्यायसभेने उपदेश करण्यास बंदी घातली, तेव्हा पेत्र व इतर प्रेषितांनी माणसांपेक्षा देवाचे ऐकणे भाग आहे, असे उत्तर दिले. रोमकरांच्या पत्रातील तेरावा अध्याय राज्यकर्त्यांच्या अधीन राहण्यास सांगतो. या दोन वचनांतील ताण ख्रिस्ती समाजाने कधीच पूर्णपणे सोडवला नाही. हिटलरच्या राजवटीत तो जीवघेणा झाला. नाझी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या जर्मन प्रोटेस्टंटांच्या मे १९३४ च्या बार्मेन घोषणेने चर्चला ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाचे प्रभुत्व मान्य नसल्याचे जाहीर केले. फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियातील कॅथलिक शेतकऱ्याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. कुटुंबाचा विचार कर, असा सल्ला त्याला त्याच्या बिशपनेही दिला होता. तो मागे हटला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला आणि २००७ साली चर्चने त्याला धन्य घोषित केले. हिटलरला विरोध करणाऱ्या बोनहोफरला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसनब्युर्ग छळछावणीत फाशी दिले गेले.

मराठी ख्रिस्ती इतिहासात देवाचे ऐकायचे की माणसांचे, हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पंडिता रमाबाईंनी विचारला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असे दिसताच हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली, आणि वाँटेजच्या धर्मभगिनी जेराल्डीन यांनी रमाबाईंना चर्चच्या वडीलधाऱ्यांचे ऐकण्याचा आग्रह केला. १८८५ मधील पत्रांतून रमाबाईंनी ठाम उत्तर दिले: पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर त्या दुसरे मानेवर घेणार नव्हत्या, देवाने दिलेली विवेकबुद्धी त्या कोणाकडे गहाण ठेवणार नव्हत्या. तेव्हा हे अनेकांना गर्विष्ठपणाचे वाटले. पण याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा भार ठरावीक उत्पन्नाच्या आधाराशिवाय, प्रार्थनेच्या भरवशावर उचलला; आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम १९२२ मधील मृत्यूपर्यंत केले. बिशपांपुढे न झुकणारी रमाबाई आणि देवावर सर्व सोपवणारी रमाबाई यांत विसंगती शोधणाऱ्या चरित्रकारांनी गेथशेमाने पुन्हा वाचावे.