रोव्ह भुंगेरे : पर्वतीय वनांतील नव्या जातींचे वर्णन

स्टॅफिलिनिडी कुलातील भुंगेरे. कठीण अग्रपंख आखूड असल्याने उदराचे बहुतेक खंड उघडे दिसतात. या कुलात ६०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पर्वतीय वनांत पालापाचोळ्यात, शेवाळाखाली राहणाऱ्या अनेक जातींचे मागचे पंख खुरटलेले असतात. उडता येत नसल्याने त्या एखाद्या डोंगररांगेपुरत्याच उरतात. दऱ्यांनी तोडलेल्या अशा समूहांतूनच नव्या जाती घडतात.

पालापाचोळा चाळून नमुने मिळवतात. बाह्यरूप मात्र फसवे. दोन जाती बाहेरून अगदी सारख्या दिसू शकतात. म्हणून नराचे जननांग उदरातून अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्याची घडण बहुधा निर्णायक ठरते. केवळ मादीवरून जाती ओळखणे कित्येकदा अशक्य होते. नव्या नावाचा आधार म्हणून एक नमुना (होलोटाइप) निवडून शक्यतो संग्रहालयात जपतात. त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण व तारखेबरोबर उंचीही हवी. पर्वतीय जातींच्या बाबतीत ती नसेल, तर नमुन्याचे मोल फार घटते.

भारतीय उपखंडातील या कुलाच्या अभ्यासाचा पाया ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक माल्कम कॅमरन यांनी घातला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील त्यांचे खंड १९३०–३९ दरम्यान प्रसिद्ध झाले.